न धुतलेला शर्ट

दिवाळीत लोक दिवे लावतात, मी खिडक्या बंद करते. पडदे ओढते, पंखे मोठे करते, रेडिओ लावते आणि फटाक्यांनी भेदरलेल्या पाहुण्यांच्या मधोमध फतकल मारून बसते. कोणी माझ्या मांडीत तोंड खुपसतं, कोणी कपाटामागे जाऊन बसतं, एखादा बहाद्दर चक्क घोरतो. दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून फोन आला तेव्हा मला हसूच आलं, कारण गेल्या कित्येक वर्षांत मी दिवाळी पाहिलेलीच नाही, नुसती ऐकली आहे.

माझं काम कुत्री सांभाळण्याचं. घरातली माणसं गावाला गेली, कोणी दवाखान्यात असलं, की त्यांची कुत्री माझ्याकडे मुक्कामाला येतात. काही घरांत नवरा-बायको दोघंही ऑफिसला, त्यांची कुत्री सकाळी येतात आणि संध्याकाळी जातात, पाळणाघरातल्या पोरांसारखी. बंगळुरूला, इंदिरानगरच्या आतल्या एका गल्लीत आमचं जुनं बैठं घर आहे. भोवती हॉटेलं आणि ऑफिसं उगवली, आम्ही तेवढे राहिलो. मागे मोठं आवार, त्यात बटरफ्रूटचं, म्हणजे अॅव्होकाडोचं झाड, आणि घरभर लाल सिमेंटची गुळगुळीत जमीन. भर उन्हाळ्यातही ती गार असते. कुत्र्याला गार जमीन आणि वेळेवर जेवण मिळालं की तो फार तक्रार करत नाही. तक्रारी मालकांच्या असतात.

गल्लीत मला ‘नायी अक्का’ म्हणतात. नायी म्हणजे कन्नडमध्ये कुत्रा. आधी राग यायचा. आता कोणी माझं खरं नाव घेऊन विचारत आलं तर कोपऱ्यावरचा फुलवाला त्याला परत पाठवतो. आमचं घराणं कैक पिढ्यांपासून इथलंच, त्यामुळे आमच्या मराठीत कन्नड इतकं मुरलंय की पुण्याहून नव्याने आलेली मंडळी माझं बोलणं ऐकून गालातल्या गालात हसतात. हसू देत बापडी. त्यांची कुत्री हसत नाहीत.

उलट एका कुत्र्याने माझी बाजू घेतली. बीगल जातीचा ऑस्कर, लांब कानांचा, चेहऱ्यावर कायम कोणीतरी फसवल्याचा भाव. त्याची आई, म्हणजे मालकीणबाई, मला बजावून गेली, “काकू, हा ओन्ली इंग्लिश अंडरस्टँड करतो हं. प्लीज कन्फ्यूज नका करू त्याला.” मी म्हटलं, “सरी.” म्हणजे बरं. माझ्या हाताखाली मुनियम्मा आहे, तिला कन्नडशिवाय काही येत नाही, आणि तिच्या हातात कायम काहीतरी खाण्याजोगं असतं. आठवड्याने ऑस्कर घरी गेला. दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन, “अक्का, कम म्हटलं तर हा बघतसुद्धा नाही माझ्याकडे!” मी म्हटलं, “स्वल्प ‘बा इल्ली’ म्हणून बघा.” म्हणजे इकडे ये. फोनमधूनच मला त्याच्या नखांचा टकटक आवाज ऐकू आला, धावत येण्याचा.

असे खूप. एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाणारा लॅब्रॅडॉर होता. त्याचा उपास मी कधी मोडला नाही, मुनियम्माने मोडला असेल तर मला माहीत नाही. एका बाईंनी कुत्र्याबरोबर त्याची कुंडलीही दिली होती. मंगळ कडक होता म्हणे. खरं सांगायचं तर होताच.

लोकांना वाटतं, यात काय मोठंसं, कुत्रं बांधायचं आणि भाकरी टाकायची. मी कोणाला बांधत नाही. नवीन कुत्रा आला की त्याला दारातून आत घेत नाही. दार म्हणजे मालकी. आतली मंडळी दाराशी भुंकली की नव्याला वाटतं आपण चोर, आणि मग तो आयुष्यभर चोरासारखाच वागतो. म्हणून जुन्यांपैकी एखादा शहाणा घेऊन मी रस्त्यावर जाते, तिथे नवा भेटतो, दोघं एकाच झाडावर पाय वर करतात, आणि मग सगळे मिळून घरात येतो. जेवण प्रत्येकाचं वेगळ्या कोपऱ्यात. मालकांना एकच सांगणं, निरोप लांबवू नका. तुम्ही दाराशी रडत बसलात तर त्याला वाटतं, काहीतरी भयंकर घडतंय. पाठ फिरवा आणि जा. रडायचं ते रिक्षात रडा.

आणि एक नियम सगळ्यांत महत्त्वाचा. कुत्र्याबरोबर घरातला एक वापरलेला कपडा द्यायचा. ज्याच्या अंगाखांद्यावर तो असतो त्याचा, आणि न धुतलेला. उशीचा अभ्रा चालेल, बनियन चालेल, जुनी ओढणी चालेल. परक्या घरात कुत्र्याला डोळ्यांनी काही ओळखीचं दिसत नाही, पण नाकाने घर सापडलं की तो अंग टाकतो. साधी गोष्ट आहे, पण आपल्या लोकांना ही फार जड जाते. दुसऱ्याच्या घरी पारोसा कपडा पाठवायचा म्हणजे काय? लोक काय म्हणतील? कानडी, तमिळ, उत्तरेकडची मंडळी मुकाट्याने मळकी चादर आणून देतात. मराठी घरातून मात्र हटकून धुऊन, वाळवून, इस्त्री करून, चौकोनी घडी घातलेला कपडा येतो. वर कंफर्टचा वास. एकीने तर नवाकोरा टॉवेल पाठवला होता, किमतीची चिठ्ठी काढून.

आता दुपारचं सांगते, कारण माझ्या कामातला सगळ्यांत सुंदर भाग तो आहे आणि तो कोणी पाहत नाही.

सकाळचा दंगा, जेवणं, आवारात धावणं झालं की एकएक जण आत येतो आणि आपापल्या कपड्यावर गोल फिरून पडतो. बंगळुरूची दुपार तशीही सौम्य. बटरफ्रूटच्या पानांतून ऊन जमिनीवर उतरतं, लाल सिमेंटवर हलत राहतं. बाहेर रस्त्यावर वाहनं असतात, पण ती दूर कुठल्या तरी दुसऱ्या गावात असावीत तशी वाटतात. मुनियम्मा आणि मी अवरेकाळू, म्हणजे पावटे, सोलत बसतो, शेंगांचा तेलकट वास हाताला लागतो, आणि कोणी बोलत नाही. मग स्वप्नं सुरू होतात. आधी मिशा थरथरतात. मग पुढचे पंजे चालू लागतात, जागच्या जागी. कोणी बारीक भुंकतं, पाण्याखालून यावं तसं. एखादी शेपूट जमिनीवर दोनदा आपटते आणि थांबते. तिथे कोणीतरी भेटलेलं असतं.

माझी खात्री आहे की दुपारी ही सगळी घरी जातात. बेलंदूरच्या बाराव्या मजल्यावर, फ्रेझर टाउनच्या बंगल्यात, कुठे जिन्याखाली. माझ्या एका खोलीत तेवढ्या वेळात कितीतरी घरं उघडी असतात आणि मी त्या सगळ्यांच्या उंबऱ्यावर बसलेली असते, आत न जाता. एखादा फारच कण्हायला लागला की मी हात पुढे करायची, तर मुनियम्मा म्हणायची, “पापा, मलगली बिडी अक्का.” बिचारा, झोपू दे त्याला. तिचंच बरोबर. माझंही डोकं भिंतीला टेकायचं, आणि अर्धवट झोपेत मला कळायचं नाही की हा श्वास कुत्र्याचा की माझा. संध्याकाळी सगळे आपापल्या खऱ्या घरी गेले की जमिनीवर नुसते केस उरायचे. या कामात माझा स्वतःचा कुत्रा कधी झाला नाही. ज्याच्या घरी रोज पाहुणे, त्याने कोणाला आपलं म्हणायचं? मुक्कामाला आलेला कुत्रा ठेवून घ्यायचा नाही, हे मी पहिल्यापासून पाळलं. एकाला ठेवला की दुसऱ्यालाही ठेवावं लागतं, आणि मग हे घर धर्मशाळा होतं. याचं वाईट वाटतं का? वाटतं. दुपारी जास्त वाटतं.

अशाच दुपारींमध्ये बंड्या आला.

बंड्या गावठी, तांबूस, एक कान कायम दुमडलेला, वय झालेलं. के. आर. पुरमला स्टेशनजवळ कर्णिककाकांना तो पिल्लू असताना सापडला होता. काका-काकू मूळचे पुण्याचे, मुलाच्या नोकरीमागे इथे आले, आणि मग मुलगा कॅनडाला गेला आणि हे दोघं इथेच राहिले. काकूंना, म्हणजे वसुधाताईंना, कुत्रा नको होता. त्यांनीच मला सांगितलं, “मी ह्यांना स्वच्छ सांगितलं होतं, कुत्रा तुमचा, घर माझं. स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही, देवापाशी फिरकायचं नाही.” काका अचानक दवाखान्यात दाखल झाले, तेव्हा त्या बंड्याला माझ्याकडे घेऊन आल्या. दोरी अशी धरली होती, की जणू दुसऱ्याची पिशवी सांभाळायला दिली आहे.

बरोबर कपडा होता. काकांचा नॅपकिन. धुतलेला, इस्त्रीचा, चौकोनी घडीचा.

बंड्याने तो हुंगला आणि त्याच्याकडे पाठ केली. फाटकाकडे तोंड करून बसला तो बसलाच. दही-भात नाही, अंडं नाही, मुनियम्माने हाताने भरवायला घेतलेलं चिकनही नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. वय झालेला कुत्रा जेवायचा थांबला की तो फार झपाट्याने उतरतो. शेवटी मी वसुधाताईंना फोन केला. त्या दवाखान्यात काकांच्या उशाशीच होत्या. मी कपड्याचं सांगितलं, तर म्हणाल्या, “अहो, न धुतलेलं कसं देणार दुसऱ्याच्या घरी?” मागून काकांचा हसण्याचा आवाज आला, खोकल्यात मिसळलेला. ते म्हणाले, “दाराच्या मागे माझा फिरायला जायचा चौकड्यांचा शर्ट आहे बघ खुंटीला. तो दे. आणि वसू, तुला माझी शपथ, धुऊ नकोस.”

त्या शर्ट घेऊन आल्या, प्लास्टिकच्या पिशवीत घालून, दोन बोटांत धरून. बंड्या उठला. पिशवीतच तोंड घातलं त्याने. मग शर्ट ओढून खोलीच्या कोपऱ्यात नेला, तीनदा गोल फिरला आणि कॉलरवर हनुवटी टेकून असा झोपला की संध्याकाळपर्यंत हलला नाही. उठून जेवला. मी लगेच फोन करून कळवलं. काका मागून वसुधाताईंना म्हणाले, “बघ, मी सांगत नव्हतो?” त्यांचा आवाज मी ऐकला तो या दोन फोनांत, तेवढाच. त्याच आठवड्यात ते गेले.

मग मुलगा आला कॅनडाहून, पुण्याहून नातेवाईक आले. बंड्या माझ्याकडेच राहिला. दिवस-वार झाले. मुलगा मला भेटायला आला, गुणी मुलगा, डोळे सुजलेले. म्हणाला, “आईला मी बरोबर नेतोय. ती इथे एकटी काय करणार? बंड्याचं कुठेतरी बघायला हवं.” मी माझ्या ओळखीत बघितलं. पण उतारवयाचा गावठी कुत्रा कोणाला हवा असतो? सगळे पिल्लू मागतात. शेवटी मुलानेच कोणामार्फत तरी ठरवलं. बोम्मसंद्राला एका कारखान्याच्या आवारात राखणीला कुत्रा हवा होता. फाटकापाशी छप्पर, दोन वेळचं जेवण, पहारेकरी सोबतीला. ती माणसं वाईट नव्हती. पण बंड्याने आयुष्यात कशाची राखण केली नव्हती, काकांच्या चपला सोडल्या तर. मी रात्रंदिवस तेच डोक्यात घोळवत होते. माझा नियम मोडायचा का? मुनियम्मा त्याच्या भातात जास्त तूप घालत होती.

तेव्हा एका दुपारी वसुधाताई आल्या. एकट्याच. बसा म्हटलं तर खुर्चीच्या टोकावर बसल्या. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाल्या, “सरोजाताई, तो शर्ट आहे का हो अजून?”

“आहे की. का?”

“मला हवा होता.” मग म्हणाल्या, “तेराव्याच्या आधी सगळ्यांनी मिळून घर धुऊन काढलं. चादरी, पडदे, गादीचे अभ्रे सगळं. कपडे वाटून टाकले. मुलाने मोठ्या मायेने केलं, आईला त्रास नको म्हणून. मी पण म्हटलं, करा. आयुष्यभर मीच तर घासत आले ना सगळं? आता घरात कुठेही गेले तरी फिनेलचा वास येतो. ह्यांचा कुठेच येत नाही.”

मी आत गेले. बंड्या शर्टावर झोपला होता. पंजे चालत होते. त्या माझ्या मागोमाग दारात येऊन उभ्या राहिल्या. मी वाकले तशा म्हणाल्या, “राहू दे. उठवू नका. उठला की घेते.”

तो उठला नाही. त्या वाट पाहून गेल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी परत आल्या. पुन्हा तेच. मग रोजच येऊ लागल्या, के. आर. पुरमहून एवढ्या लांब, आणि रोज तो शर्टावर झोपलेला असायचा. मी त्यांना हळूच सांगू शकले असते की सकाळी या, सकाळी तो आवारात असतो, शर्ट मोकळा असतो. मी सांगितलं नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही. आधी त्या खुर्चीवर बसायच्या. मग मुनियम्माचा पाट घेऊन बसू लागल्या. अवरेकाळू सोलू लागल्या, आणि आमच्यापेक्षा चांगल्या सोलायच्या, एक दाणा तुटायचा नाही.

ठरलेला दिवस आला. कारखान्याची माणसं संध्याकाळी गाडी घेऊन बंड्याला न्यायला येणार होती. वसुधाताई दुपारीच आल्या. म्हणाल्या, “आज मात्र शर्ट घेऊन जाते.” आणि नेहमीप्रमाणे कोपऱ्यात बसल्या, या वेळी सरळ जमिनीवर, भिंतीला टेकून.

ऊन त्या दिवशी मधासारखं होतं. पानांची सावली सगळ्यांच्या अंगावरून हळूहळू सरकत होती, पुन्हा मुक्कामाला आलेल्या ऑस्करवरून, एका म्हाताऱ्या पॉमेरेनियनवरून, बंड्यावरून, मग वसुधाताईंच्या पायांवरून. कधी तरी पाहिलं तर त्यांचे डोळे मिटलेले. काका गेल्यापासून ही बाई धड झोपली नसावी. तोंड किंचित उघडं, हाताची बोटं मधूनच हलत होती, जशी माझ्या सगळ्या पाहुण्यांची हलतात तशी. मुनियम्माने माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. मी शेंगांची परात बाजूला सरकवली. सगळी खोली एकाच श्वासात वर-खाली होत होती, आणि माणूस कोण, कुत्रा कोण, हे मला त्या वेळी खरोखर महत्त्वाचं वाटत नव्हतं.

आणि झोपेतच वसुधाताई बोलल्या. अगदी स्पष्ट, थोड्या चिडून, घरच्या आवाजात.

“अहो, पाय पुसा आधी!”

बंड्याने डोळे उघडले. क्षणभर इकडेतिकडे पाहिलं. मग तो शर्टावरून उठला, वाट काढत त्यांच्यापाशी आला, त्यांच्या समोर उभा राहिला आणि उजवा पंजा वर धरला. तसाच धरून राहिला.

त्या जाग्या झाल्या. समोर पंजा पाहून आधी त्यांना काही समजलंच नाही. मग समजलं. “रोज संध्याकाळी,” त्या म्हणाल्या, माझ्याकडे न पाहता, “फिरून आले की दोघंही दारात उभे राहायचे. मी आतून ओरडायची. ते ह्याचे पाय पुसायचे, चारही. मी कधी पुसले नाहीत हो. मी नुसती ओरडायची.”

त्यांनी पदर घेतला. नीट धुतलेल्या, इस्त्रीच्या सुती साडीचा पदर. त्यात तो पंजा धरला आणि पुसला, बोटांच्या मधूनसुद्धा, भांडी घासावीत तसा निगुतीने. बंड्याने दुसरा पुढे केला. तोही पुसला. मग तो वळला, मागचा पाय दिला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या, कारण पदर कामात होता. मलाही काही दिसेनासं झालं. त्यांच्या मागे, हात लांब केला असता तर मिळेल इतक्या जवळ, शर्ट मोकळा पडला होता. त्यांनी तिकडे वळूनही पाहिलं नाही.

फाटकाशी गाडीचा हॉर्न वाजला. सगळी खोली जागी झाली, भुंकणं सुरू झालं. एकटा बंड्या भुंकला नाही. त्याचा चौथा पाय अजून त्यांच्या हातात होता.

“सरोजाताई,” वसुधाताई म्हणाल्या, “त्यांना सांगा, चहा घेऊन जा म्हणावं, पण कुत्रा द्यायचा नाहीये. मुलाला मी सांगते काय ते. आणि मला एक रिक्षा बघून द्या ना, कुत्र्याला बसू देईल अशी.”